रोमान्स : एका लहानशा गीतप्रकाराची गोष्ट

मराठीच्या तासाला आपल्याला कविता चालीवर म्हणायला लावायचे, हे आपल्या बॅचमध्ये कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. बाई टेबलावर बोटांनी ठेका धरायच्या, पहिलं कडवं स्वतः म्हणायच्या आणि मग पुढची सगळी कडवी आपण त्याच चालीत. कडव्यात पाऊस असो, आई असो की रणांगण असो, चाल तीच. या स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा सातवीची एक कविता मी सहज आठवून पाहिली. दुसऱ्या ओळीपुढे शब्दच आले नाहीत. चाल मात्र शेवटच्या स्वरापर्यंत आली. ग्रुपवर विचारलं, तर आणखी तिघींचं तेच.

मी आयटीत आहे म्हणून समितीने आधी मला एआयवर लेख मागितला होता. तो विषय दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हटलं. दिवसभर तेच चालू असतं. त्याऐवजी तीस वर्षांनी भेटताना ज्या गोष्टीने मला शाळेतल्या त्या चालीची आठवण करून दिली, तिच्याबद्दल लिहिते. गेली दहा-बारा वर्षं मी पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकते. शिकलेली नाही, वाजवता येत नाही, नुसती ऐकते. रात्री उशिरापर्यंत काम असलं की कानात काहीतरी शांत हवं म्हणून सुरुवात झाली आणि त्यात 'रोमान्स' नावाच्या छोट्या रचना वारंवार भेटू लागल्या. "काय ऐकतेस?" या प्रश्नाला "रोमान्स" असं उत्तर दिल्यावर घरात जी नजर मिळते, ती तुम्ही कल्पू शकता. म्हणून आधी शब्दाचंच बघू.

रोमान्स हा मुळात प्रेमाशी नव्हे, भाषेशी संबंधित शब्द आहे. युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन; तिच्यापासून निघालेल्या लोकांच्या बोली, म्हणजे स्पॅनिश, फ्रेंच वगैरे, त्या 'रोमान्स' भाषा. आपल्याकडे संस्कृत आणि प्राकृत म्हणतात तसंच काहीसं. लोकांच्या बोलीत सांगितलेल्या गोष्टींनाही मग तेच नाव पडलं. स्पेनमध्ये 'रोमान्से' म्हणजे कथागीत : आठ-आठ अक्षरांच्या ओळी, एकाआड एक ओळीच्या शेवटी स्वरांचं यमक, आणि लढाया, सरदार, फसलेली प्रेमं यांच्या गोष्टी. आपल्या पोवाड्याची आठवण यावी असा प्रकार, पण आवेश कमी.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात हा शब्द एका विशिष्ट गाण्याला चिकटला आणि तिथून आपली गोष्ट सुरू होते. त्याची सर्वांत चांगली व्याख्या केली झां झाक रूसोने. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला तो 'सामाजिक करार'वाला रूसोच. तो संगीतकारही होता आणि पोट भरायला पानांच्या हिशोबाने संगीताच्या नकला उतरवून द्यायचा, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. १७५२ मध्ये त्याची एक छोटी संगीतिका राजा पंधराव्या लुईसमोर झाली. ती राजाला इतकी आवडली, की तो नंतर दिवसभर त्यातलं गाणं बेसूर गुणगुणत होता म्हणतात. दुसऱ्या दिवशी राजाची भेट आणि बहुधा तनखा मिळणार होता. रूसो सकाळीच गाव सोडून निघून गेला. त्या संगीतिकेत एका खेडुताच्या तोंडी 'रोमान्स' आहे.

१७६८ साली छापलेल्या आपल्या संगीतकोशात रूसोने लिहिलं त्याचा आशय असा : रोमान्स म्हणजे कडव्यांचं छोटं काव्य, विषय बहुधा प्रेमाचा आणि बऱ्याचदा दुःखाचा. चाल साधी, गोड, थोडी जुन्या वळणाची हवी. ताना-हरकती नकोत. गाणाऱ्याच्या कौशल्यावर तिने विसंबू नये, चालीनेच आपलं काम करावं. आणि पुढचा मुद्दा तर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बाईंचा टेबलावरचा ठेकाच कानात वाजला. तो म्हणतो, चांगला रोमान्स सुरुवातीला काहीच परिणाम करत नाही. पण प्रत्येक कडवं आधीच्या कडव्यांत थोडी भर घालत जातं आणि एका क्षणी ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. कशामुळे, ते त्याला सांगता येत नाही. चाल बदलत नाही, आणि न बदलण्यामुळेच ती जड होत जाते.

आपल्या भावगीतात बहुतेकदा प्रत्येक कडव्याला संगीतकार नवी चाल देतो, धृपदावर परत येतो. त्यामुळे 'रोमान्स म्हणजे त्यांचं भावगीत' असं मी म्हणणार नाही, जरी तसं म्हणायचा मोह होतो. शाळेतली चालीवरची कविताच त्याला जास्त जवळची.

या न बदलणाऱ्या चालीची ताकद रंगमंचावर दाखवली ती १७८४ साली पॅरिसमध्ये. ग्रेत्री या संगीतकाराची 'सिंहहृदयी रिचर्ड' ही ऑपेरा. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना पकडला गेला आहे आणि कुठल्याशा किल्ल्यात कैदेत आहे. त्याचा इमानी गायक ब्लोंदेल आंधळ्याचं सोंग घेऊन त्याला शोधत फिरतो. त्याच्याजवळ खूण एकच : राजाने स्वतः आपल्या प्रेयसीसाठी रचलेला एक रोमान्स. ब्लोंदेल तो आधी नुसता व्हायोलिनवर वाजवतो, शब्दांशिवाय, आणि तेवढ्यावर राजाची प्रेयसी चमकते, कारण ही चाल तिच्याशिवाय फार थोड्यांना माहीत आहे. पुढे किल्ल्याच्या भिंतीखाली तो तेच गाणं म्हणतो आणि बुरुजातून कैदी पुढची ओळ उचलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर गाणं हा पासवर्ड झाला. ती एकच चाल संपूर्ण नाटकात नऊ वेळा येते. ऑपेरात एवढ्या चिकाटीने एकच सुरावट वापरणं तेव्हा नवीन होतं. (याच ऑपेरातलं राजनिष्ठेचं दुसरं एक गाणं १७८९च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातल्या मेजवानीत वाजलं आणि त्या मेजवानीच्या बातमीने पॅरिस पेटलं. पण तो वेगळा विषय.)

ज्या वर्षी ही ऑपेरा आली त्याच वर्षाचा सगळ्यांत गाजलेला रोमान्स तुम्ही सर्वांनी ऐकला आहे, नाव माहीत नसेल इतकंच. मार्तिनी हे इटालियन नाव लावणाऱ्या एका जर्मन माणसाने पॅरिसमध्ये 'प्लेझीर दामूर' या कवितेला चाल लावली. प्रेमाचं सुख क्षणाचं, दुःख जन्माचं, असा तिचा भाव. १९६१ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या एका चित्रपटात हीच सुरावट नव्या इंग्रजी शब्दांसह आली आणि 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' म्हणून जगभर पोहोचली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेतलेला एक तरी मुलगा ते गायचाच. मूळ शब्दांत प्रेमाचा पश्चात्ताप, नव्यांत प्रेमाची कबुली; चालीने दोन्ही निमूट पेललं.

फ्रान्समध्ये पुढची पन्नास-साठ वर्षं रोमान्स घराघरांत गायला गेला. दिवाणखान्यात बसून, पियानो किंवा हार्पच्या साथीवर, फार तयारी नसलेल्या गळ्यालाही जमेल असा. साहजिकच तो बायकांचा प्रांत झाला. नेपोलियनची सावत्र मुलगी ओर्तांस हिच्या नावावरचा एक रोमान्स तर पुढे तिच्या मुलाच्या, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत जवळजवळ राष्ट्रगीतासारखा वाजत असे. लोइझा प्युजे ही बाई १८३० नंतर दरवर्षी आपल्या रोमान्सचं एक पुस्तक काढायची, आपल्या दिवाळी अंकासारखं, आणि ते हातोहात खपायचं. ऑपेरा लिहायची, सिंफनी लिहायची, तर त्याचं शिक्षण, वाद्यवृंद, थिएटरचे व्यवस्थापक हे सगळं पुरुषांच्या हातात. रोमान्सला एक पियानो आणि एक संध्याकाळ पुरत होती. त्यामुळे समीक्षकांनी या प्रकाराला कायम 'गोड आहे, पण किरकोळ' याच खान्यात ठेवलं. हा 'किरकोळ' शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

व्हायोलिनवरची ब्लोंदेलची चाल शब्दांशिवायही ओळखू आली होती. मग शब्द हवेतच कशाला, हा विचार याच सुमाराला अनेकांच्या मनात आला असावा. मोत्सार्टने १७८५ मध्ये आपल्या डी मायनरमधल्या पियानो कन्चेर्टोच्या मधल्या भागाला 'रोमान्झे' असं नाव दिलं. आधी एक अगदी साधी, लहान मुलालाही गाता येईल अशी सुरावट. मध्ये अचानक एक वादळ. आणि मग तीच सुरावट, जणू काही झालंच नाही. 'अमाडेउस' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी शेवटच्या श्रेयनामावलीखाली हीच ऐकली आहे.

बीथोवनने व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी दोन रोमान्स लिहिले, १८०३ आणि १८०५ मध्ये छापले गेलेले. (ग्रेत्रीच्या त्या पासवर्डच्या चालीवर त्याने पियानोसाठी आठ आवर्तनंही रचली होती, म्हणजे ती त्याच्या कानात होतीच.) यातल्या पहिल्या छापलेल्या, 'जी'मधल्या रोमान्सची सुरुवात ऐका. व्हायोलिन एकटं, कुणाच्याही साथीशिवाय, दोन-दोन तारा एकदम छेडत चार मात्रागटांची ओळ म्हणतं. मग पूर्ण वाद्यवृंद तीच ओळ जशीच्या तशी परत म्हणतो. पुन्हा व्हायोलिनची ओळ, पुन्हा वाद्यवृंद. बाई आणि वर्ग! ती मुख्य सुरावट तीनदा येते, मधल्या वेळात व्हायोलिन दोनदा दुसरीकडे फिरून येतं. कडव्यांच्या गाण्याचा सांगाडा तसाच, शब्द तेवढे काढून घेतलेले. दोन्हींपैकी 'एफ'मधला रोमान्स जास्त वाजवला जातो. माझं मत विचाराल तर 'जी'चा अधिक सच्चा आहे, कारण तो नटत नाही.

मेंडेल्सनने याच कल्पनेला 'शब्दांविना गीतं' असं सरळ नाव दिलं. फ्रेंच प्रकाशकांनी त्याचं भाषांतर केलं 'शब्दांविना रोमान्स'. एकाने त्याला विचारलं की या गाण्यांचा अर्थ काय, तेव्हा १८४२च्या एका पत्रात त्याने जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की संगीतातला भाव धूसर आहे म्हणून शब्दांत येत नाही असं नाही. तो इतका नेमका आहे की शब्दच त्याच्यापुढे धूसर पडतात. कोडमध्ये दिवस घालवणाऱ्या माणसाला हे वाक्य पटायला वेळ लागतो, पण पटतं.

शोपँचं उदाहरण मात्र या स्मरणिकेत यायलाच हवं. वीस वर्षांचा शोपँ १८३० मध्ये वॉर्सा सोडून परदेशी जाण्याच्या तयारीत होता. ई मायनर कन्चेर्टोचा मधला भाग त्याने रोमान्स म्हणून लिहिला आणि मे महिन्यात आपल्या शाळासोबत्याला, टिटुसला, पत्रात त्याबद्दल कळवलं. त्याचा आशय असा : हा भाग जोरकस नाही, शांत आणि उदास आहे, जिथे हजार गोड आठवणी जमा होतात अशा एखाद्या जागेकडे हळुवार नजर जावी, तसा. वसंतातल्या चांदण्या रात्रीसारखा. म्हणून साथीच्या व्हायोलिनांचा आवाजही दबवला आहे. (तारांखालच्या घोडीवर एक छोटा चाप बसवतात, त्याने आवाज लांबून आल्यासारखा होतो.) ऑक्टोबरमध्ये त्याने तो वॉर्सात वाजवला, २ नोव्हेंबरला गाव सोडलं आणि महिनाअखेरीस तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला. तो पोलंडला पुन्हा कधीच परतला नाही. म्हणजे गाव सोडण्याआधीच त्याने गावाची आठवण लिहून ठेवली होती. आपल्यापैकी जे पुणे-मुंबईच्या पलीकडे, सिंगापूर-न्यू जर्सीपर्यंत गेले, त्यांनी हा दहा मिनिटांचा भाग एकदा ऐकावा.

रशियात तर गायनाच्या अभिजात गीतालाच रोमान्स म्हणतात, तिथे हा शब्द किरकोळ राहिला नाही. पुश्किनने आन्ना केर्न या स्त्रीसाठी लिहिलेल्या कवितेला ग्लिंकाने १८४० मध्ये चाल दिली, ती तिच्या मुलीच्या प्रेमात पडून. चायकोव्हस्कीने शंभरावर रोमान्स लिहिले. रखमानिनोवच्या एका संचातला शेवटचा, चौदावा, रोमान्स सर्वांत प्रसिद्ध आहे आणि त्यात एकही शब्द नाही. गायिकेने फक्त एका स्वरावर गात राहायचं. क्रांतीनंतर १९१७ मध्ये तो रशियातून बाहेर पडला, आणखी पंचवीस वर्षं जगला आणि त्या काळात त्याने नवा रोमान्स एकही लिहिला नाही.

आता ज्या दोघांसाठी मी हा सगळा घाट घातला त्यांच्याकडे येते.

क्लारा व्हीक ही लाइपझिगच्या एका कडक पियानोशिक्षकाची मुलगी. वडिलांनी लहानपणापासून घडवलेली, विशीच्या आतच युरोपभर नाव झालेली पियानोवादक. रॉबर्ट शूमान हा त्याच वडिलांचा विद्यार्थी, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. दोघांना लग्न करायचं होतं, वडिलांचा कडवा विरोध. प्रकरण कोर्टात गेलं. १८३९ मध्ये, वडिलांशिवाय पॅरिसला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या क्लाराने तिथे तीन रोमान्स लिहिले, रॉबर्टला अर्पण केलेले. त्यातला एक पाहून रॉबर्टने तिला लिहिलं, की या रोमान्सने मला पुन्हा सांगितलं, आपण नवरा-बायको व्हायचंच आहे; संगीतकार म्हणून आपण एकमेकांना पूर्ण करतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मात्र क्लाराने डायरीत नोंद केली आहे, की आपल्याला रचनेची देणगी आहे असं एकेकाळी वाटायचं, पण तो विचार आता सोडला. बाईने संगीत रचायची इच्छा धरू नये, आजवर एकीलाही ते साधलेलं नाही, मग मलाच का साधावं? तीन रोमान्स लिहून झाल्यावर काही महिन्यांनीच हे लिहिलं आहे. आपल्या वर्गातल्या किती मुलींनी असं काही स्वतःशी म्हटलं असेल ते मला माहीत आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मीही म्हटलं होतं.

त्या वर्षाच्या अखेरीस रॉबर्टनेही पियानोसाठी तीन रोमान्स लिहिले. त्यातला मधला अगदी वेगळा आहे. पियानोच्या स्वरलिपीत नेहमी दोन ओळी असतात, डाव्या-उजव्या हाताच्या. इथे त्याने तीन वापरल्या. मुख्य सुरावट वर नाही, खालीही नाही; ती मध्ये आहे, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी वाजवायची. दोन अंगठे शेजारी-शेजारी, एकमेकांना धरून चाललेले, आणि बाकीची बोटं भोवती हलका आडोसा करतात. क्लाराने तो लगेच ओळखला. १८४०च्या सुरुवातीला तिने पत्रात हट्ट धरला, की तुझी वाग्दत्त वधू म्हणून हे मला अर्पण कर. यांच्याहून हळवं मला काही माहीत नाही, विशेषतः मधलं, ते तर सुंदर प्रेमाचं द्वंद्वगीत आहे. रॉबर्टला ते तिला देण्याच्या तोडीचे वाटले नाहीत. छापताना त्याने ते एका सरदाराला अर्पण केले.

सप्टेंबर १८४० मध्ये, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न झालं. पुढे तेरा वर्षांचा संसार, आठ बाळंतपणं. घराच्या भिंती पातळ. रॉबर्ट रचना करत असला की तिचा पियानो बंद. ड्युसेलडॉर्फला घर बदललं आणि पहिल्यांदा तिला अशी खोली मिळाली, की जिथे तिच्या वाजवण्याचा त्याला त्रास होणार नाही. १८५३च्या उन्हाळ्यात तिने इतर रचनांबरोबर पियानोचे तीन आणि व्हायोलिन-पियानोचे तीन असे सहा रोमान्स लिहिले. एक खोली मिळाली आणि सहा रोमान्स आले, हा हिशोब मला सगळ्या समीक्षेपेक्षा जास्त सांगतो. व्हायोलिनचे तिने योआखिमला अर्पण केले, त्याच्याबरोबर दौऱ्यांवर वाजवले, हॅनोव्हरच्या राजापुढेही वाजवले. त्यातला तिसरा ऐका : पियानो वाहत्या पाण्यासारखा अखंड, आणि वर व्हायोलिन एकच लांबलचक श्वास घेतंय. त्याला किरकोळ म्हणायला धाडस लागेल.

पुढच्याच फेब्रुवारीत मनोविकाराने ग्रासलेल्या रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. नावाड्यांनी वाचवलं. त्याला बॉनजवळच्या मनोरुग्णालयात ठेवलं. डॉक्टरांनी क्लाराला जवळजवळ अडीच वर्षं भेटू दिलं नाही. भेट झाली ती तो जाण्याआधी दोन दिवस, जुलै १८५६ मध्ये. त्या वर्षी तिने आणखी एक रोमान्स लिहिला, बी मायनरमधला, तरुण मित्र ब्राम्ससाठी. त्यानंतर ती आणखी चाळीस वर्षं जगली, मुलं वाढवली, मैफली केल्या, फ्रँकफर्टला शिकवलं, नवऱ्याच्या सगळ्या रचना संपादित केल्या. स्वतःचं म्हणावं तर मित्रांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी एक मार्च, आणि इकडेतिकडे थोडं. बस.

त्यापुढची घटना मला पहिल्यांदा कळली तेव्हा राग आला होता. रॉबर्टने नदीत उडी घेण्याआधी तीन महिने चेलोसाठी पाच रोमान्स लिहिले होते. ते छापलेले नव्हते, हस्तलिखित क्लाराकडे होतं. १८९३ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने ते नष्ट केलं. त्याच्या शेवटच्या काळातल्या या रचना त्याच्या तोडीच्या नाहीत, त्यांनी त्याच्या नावाला कमीपणा येईल, असं तिला वाटत होतं. ब्राम्सला ते पटलं होतं. आज ते पाच रोमान्स कसे होते हे कुणालाही सांगता येणार नाही, कारण शब्द हरवले तरी चाल राहते हे खरं असलं, तरी चाल राहायला ती कुणाच्या तरी कानावर पडलेली असावी लागते.

मग दोन्ही पत्रं आणि ही घटना मी शेजारी ठेवून पाहिली. १८४० मध्ये तो म्हणाला होता, हे रोमान्स तुझ्या तोडीचे नाहीत. ५३ वर्षांनी ती म्हणाली, हे तुझ्या तोडीचे नाहीत. माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण आता तो नुसता राग राहिलेला नाही.

क्लाराचं शेवटचं दुखणं १८९६च्या वसंतात सुरू झालं. फ्रँकफर्टच्या घरी नातू फर्डिनांड तिच्याजवळ होता, तो पियानो वाजवायचा. मे महिन्यात एके दिवशी तिने त्याला रॉबर्टच्या काही जुन्या रचना वाजवायला सांगितल्या. सगळ्यांत शेवटी तिने मागितला तो तिन्हींमधला मधला रोमान्स, दोन अंगठ्यांचा, ५६ वर्षांपूर्वी तिने हट्टाने मागितलेला आणि न मिळालेला. त्याने तो वाजवला. तिने ऐकलेलं ते शेवटचं संगीत. २० मे रोजी ती गेली.

तो तीन-चार मिनिटांचा आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी तो फोनवर घेऊन येणार आहे. आणि सातवीच्या त्या कवितेचे पुढचे शब्द कुणाला येत असतील तर त्याच दिवशी सांगा, आधी ग्रुपवर टाकू नका.